ड्रायव्हरचे गाव विचारण्याआधी लायसन्सवरची तारीख बघा

पिंपळगाव बसवंतला कांदा भरून घोजाडांग्याच्या बांगलादेश सीमेकडे निघालेला ट्रक नागपूरच्या पुढे छत्तीसगड, ओडिशा आणि झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात शिरतो. वाटेत पाट्यांची लिपी बदलते, ढाब्यावरची बोली बदलते. ड्रायव्हरच्या खिशातले लायसन्स तेवढे तेच राहते. नाशिकच्या आरटीओने दिलेल्या त्या कार्डाला बशीरहाटचा पोलीस 'हे आमच्याकडचे नाही' म्हणून हरकत घेऊ शकत नाही, कारण मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 13 प्रमाणे लायसन्स संपूर्ण भारतात चालते. हे कलम उलट्या दिशेनेही तितकेच खरे आहे. नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर मुक्कामाला असलेल्या गोरखपूरच्या किंवा अलवरच्या ड्रायव्हरलाही ते तेवढेच लागू पडते. पण गाडीवर माणूस ठेवायची वेळ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न 'गाव कोणते?' हा असतो आणि 'हेवी आहे का, कधीपर्यंत आहे?' हा प्रश्न मागे पडतो. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांमुळे डंपर आणि टिपरची वर्दळ वाढत असताना हा क्रम उलटा करणे मालकाच्या, ड्रायव्हरच्या आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाच्याही हिताचे आहे. लायसन्स हा कसबाचा दाखला आहे, जन्मगावाचा नव्हे. अट घालायचीच असेल तर ती कामातून निघालेली असावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. बाकीचा मजकूर त्यामागची कारणे आणि ते प्रत्यक्षात कसे पाळायचे याविषयी आहे.

या विषयावरचा अर्धा गोंधळ तीन कागद एकच समजल्यामुळे होतो. लायसन्स माणसाचे असते: अमुक प्रकारचे वाहन त्याला चालवता येते, असे ते सांगते. परमिट वाहनाच्या धंद्याचे असते: अमुक गाडी अमुक भागात भाड्याने चालवायला परवानगी आहे, असे ते सांगते आणि ते ज्याच्या नावावर असते तो मालक स्वतः स्टिअरिंगला हात लावत नसला तरी चालते. तिसरा कागद बॅज किंवा बिल्ला. तो रिक्षा, टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांच्या चालकाला लागतो, कारण त्याचा रोज लोकांशी संबंध येतो. मालवाहू ट्रकचा या बॅजशी संबंध नाही. मराठी येण्याची अट राज्याच्या 1989 च्या मोटार वाहन नियमांत आहे, पण ती या तिसऱ्या कागदाशी, म्हणजे प्रवासी वाहनाच्या चालकाशी जोडलेली आहे. एका कागदाची अट दुसऱ्या कागदावर चिकटवली की काय होते, ते महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे.

जानेवारी 2010 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या टॅक्सी परमिटसाठी 15 वर्षांचे वास्तव्य आणि मराठी लिहिता-वाचता येणे या अटींवर भर दिला. देशभर गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना हिंदी किंवा गुजराती येत असले तरी चालेल, असा खुलासा करावा लागला. पुढे सप्टेंबर 2015 मध्ये परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी नव्या रिक्षा परमिटसाठी मराठी सक्तीची केल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तसे परिपत्रक निघाले. रिक्षा संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मार्च 2017 मध्ये न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. चालकाच्या बॅजसाठी असलेली अट परमिटवर लादायला कायद्याचा आधार नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. या निकालाचा अर्थ 'मराठीची गरज नाही' असा लावणे चूक आहे. प्रवाशाचा पत्ता समजण्यापुरती मराठी रिक्षाचालकाला यायला हवी, हे नियमात आहेच आणि ते रास्तही आहे. निकालाने दाखवले ते इतकेच की अट योग्य असली तरी ती योग्य कागदावर आणि योग्य मार्गाने यावी लागते. दोन्ही वेळा सरकारांचा जोर घोषणेवर होता. मराठी शिकवण्याची सोय कुठे आणि परीक्षा कशी, यावर त्या मानाने बोलणे झालेच नाही.

आता हेवी लायसन्ससाठी कायदा प्रत्यक्षात काय मागतो ते पाहू. वय किमान 20 वर्षे. हलक्या वाहनाचे लायसन्स घेऊन किमान एक वर्ष झालेले असावे. त्याआधी ट्रान्सपोर्टचे लर्निंगसुद्धा मिळत नाही. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, डॉक्टरने भरलेला नमुना 1-अ आणि शेवटी प्रत्यक्ष चाचणी. अर्ज कुठे करायचा, याचे उत्तर 2019 च्या दुरुस्तीने आणखी मोकळे केले: अर्जदार ज्या राज्यात सर्वसाधारणपणे राहतो किंवा व्यवसाय करतो, किंवा जिथल्या स्कूलमध्ये तो शिकला, त्या राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयात. चाचणी पास झालेल्याला लायसन्स नाकारायचे तर कारणे कोणती, तेही कायद्याने मोजून दिली आहेत: सराईत गुन्हेगारी, दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन, आधी रद्द झालेले लायसन्स. तेही म्हणणे ऐकून घेऊन, लेखी कारण देऊन, आणि त्यावर 30 दिवसांत अपील करण्याची मुभा ठेवून. या यादीत जन्मगाव नाही, मातृभाषा नाही. नूतनीकरणाचे कलम 15 तर 'कोणतेही परवाना अधिकारी' नूतनीकरण करू शकतात असे म्हणते आणि ज्या कार्यालयाने मूळ लायसन्स दिले त्याला कळवण्याची जबाबदारी नूतनीकरण करणाऱ्या कार्यालयावर टाकते. ड्रायव्हर गाव सोडून जाणार, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

म्हणून नाशिकमध्ये राहणाऱ्या बाहेरगावच्या ड्रायव्हरने लायसन्सची मुदत संपत आली की सुट्टी काढून गावी पळण्याची किंवा एजंटाच्या हवाली कार्ड करण्याची गरज नाही. राहण्याचा पुरावा ही त्याची खरी अडचण असते, कारण आधारवर गावचा पत्ता असतो आणि खोली तोंडी बोलीवर घेतलेली असते. केंद्रीय नियमांतल्या नियम 4 मध्ये यासाठी वाट ठेवलेली आहे: नेहमीचे कागद देता येत नसतील तर पुरेसे कारण दाखवून कार्यकारी दंडाधिकारी, न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र वय आणि पत्त्यासाठी स्वीकारता येते. त्याहून सोपा उपाय मालकाच्या हाती आहे. ड्रायव्हरला खोलीचा भाडेकरार करून द्या किंवा करवून घ्यायला लावा आणि आधारवरचा पत्ता बदलून घ्या. पुढची सगळी कामे त्या एका बदलाने सुटतात. अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर माघारी फिरू नका, कारण लेखी मागा. लेखी कारणाशिवाय अपील उभे राहत नाही.

कामातून निघालेली अट कशी असते, याचा उत्तम नमुना आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर उत्तर महाराष्ट्रात आणि पलीकडे जातात. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरोधात तिथल्या चालकांनी टँकर उभे केले, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा लोकांना आठवत असतील. पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर एक चौकोनी फलक असतो. त्यावर 1203 हा आकडा आणि आग लागल्यास काय करायचे याचा सांकेतिक कोड असतो. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असते. गळती झाली तर अग्निशामक दलाला काय सांगायचे, माती टाकायची की फेस मारायचा, हे त्या कागदावरून कळते. म्हणूनच धोकादायक मालाच्या चालकाकडून केंद्रीय नियम 9 साक्षरता मागतो: संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, शिवाय खास प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असावे. त्याच्या लायसन्सची मुदतही साध्या ट्रान्सपोर्टच्या पाच वर्षांऐवजी तीन वर्षे आहे. इथे भाषेची अट आहे आणि कडक आहे, पण ती कागद वाचता येण्यासाठी आहे. मैथिली वाचणारा चालतो, मराठी वाचणारा चालतो. इंग्रजी न वाचणारा, मग तो नांदगावचा असला तरी, चालत नाही. हीच मोजपट्टी पुढे लावत जा: रिक्षाला मराठी, टँकरला ट्रेम कार्ड वाचण्याइतकी इंग्रजी, आणि कांद्याच्या ट्रकला हातातले कसब.

शिक्षणाच्या अटीचा इतिहासही हेच सांगतो. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पासची अट अनेक वर्षे होती. हरियाणा सरकारने मेवात भागाच्या वतीने ती उठवण्याची मागणी केली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ट्रक चालवून पोट भरणाऱ्यांकडे कसब होते, दाखला नव्हता. देशात जवळपास 22 लाख चालकांची कमतरता असल्याचे सांगत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून 2019 मध्ये ही अट काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी ती गेली. अट काढताना मंत्रालयाने भर दिला तो प्रशिक्षण आणि कौशल्य चाचणीवर. यावर आक्षेप येतो की अशिक्षित माणूस पाट्या कशा वाचणार. आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर शाळेच्या दाखल्यात नाही. वळण, उतार, वेगमर्यादा, अवजड वाहनास मनाई या खुणा चित्रांच्या आणि आकड्यांच्या आहेत, देशभर एकसारख्या आहेत. त्या ओळखता येतात की नाही हे लर्निंगच्या परीक्षेतच तपासायचे असते. ती परीक्षा दुसरेच कुणी देत असेल, तर दुखणे परीक्षेत आहे.

हाच प्रश्न 2025 मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पेटला आणि आपल्याकडच्या वाचकाने तो समजून घ्यावा, कारण तिथल्या ट्रकव्यवसायात भारतातून गेलेले हजारो लोक आहेत. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्रकचालकांना इंग्रजी येण्याची जुनी अट कडकपणे राबवण्याचा आदेश काढला. ऑगस्टमध्ये फ्लोरिडात एका ट्रकने महामार्गावर बेकायदा वळण घेतले आणि तिघांचा जीव गेला. चालक भारतातून आलेला होता आणि इंग्रजीच्या व खुणांच्या तपासणीत तो अगदी कमी पडला, असे तिथल्या केंद्रीय परिवहन खात्याने सांगितले. सप्टेंबरअखेर त्या खात्याने तातडीचा नियम काढून कायम वास्तव्य नसलेल्या बहुतेक परदेशी कामगारांना व्यावसायिक लायसन्स मिळण्याची वाट बंद केली. अशा लायसन्सधारकांची संख्या सुमारे 2 लाख. इंग्रजीची अट राबवत नाही म्हणून कॅलिफोर्निया राज्याचा सुमारे 4 कोटी डॉलरचा निधी रोखला गेला. नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्या तातडीच्या नियमाला स्थगिती दिली. न्यायालयाने बोट ठेवले ते खात्याच्याच आकड्यांवर: असे चालक एकूण व्यावसायिक लायसन्सधारकांच्या सुमारे 5 टक्के, पण प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा सुमारे 0.2 टक्के. वाद तिथेच थांबला नाही. पण फ्लोरिडाच्या घटनेतून निघणारा खरा प्रश्न त्या गदारोळात हरवला: ज्याला खुणा ओळखता येत नव्हत्या त्याच्या हातात लायसन्स पडले कसे? जन्मदेश तपासून तो अपघात टळला नसता. चाचणी प्रामाणिकपणे घेतली असती तर टळण्याची शक्यता होती. आणि लक्षात ठेवा, अमेरिकेतला वाद परदेशी नागरिकांचा आहे. गोरखपूरचा ड्रायव्हर नाशिकमध्ये परदेशी नाही; देशात कुठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा त्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19 मध्ये आहे.

आता सर्वांत जोरकस आक्षेप: बाहेरचे आले की स्थानिक पोरांच्या नोकऱ्या जातात. बेरोजगारीचे दुःख खरे आहे, त्याला तुच्छतेने झटकणे योग्य नाही. पण ट्रकच्या धंद्यात परिस्थिती उलटी आहे. तिथे गाड्या आहेत आणि सीट रिकामी आहे. महिना महिना घराबाहेर राहावे लागते, झोपेचे हाल होतात, मान मिळत नाही, म्हणून आपली मुले तिकडे वळत नाहीत. फेब्रुवारी 2008 च्या परप्रांतीयविरोधी आंदोलनानंतर हजारो परप्रांतीय कामगारांनी नाशिक सोडले, तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माणसांची चणचण भासली होती. रिकाम्या झालेल्या जागा आपोआप भरल्या नाहीत. स्थानिक तरुणांना या धंद्यात आणायचे असेल तर त्यांच्या मार्गातला अडसर परप्रांतीय ड्रायव्हर नसून हेवी प्रशिक्षणाचा खर्च आणि वेळ हा आहे. मान्यताप्राप्त अद्ययावत प्रशिक्षण केंद्रातला अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, 38 तासांचा आहे. ट्रान्सपोर्ट संघटना, बाजार समित्या आणि साखर कारखाने मिळून दरवर्षी काही मुलांची फी भरू शकतात. मूल एकोणीस वर्षांचे असतानाच हलक्या वाहनाचे लायसन्स काढून ठेवले, तर विसाव्या वर्षी हेवीचा अर्ज करता येतो; हा हिशेब घरात आधीच मांडावा.

दुसरा आक्षेप बोगस लायसन्सचा. 'बाहेरच्या राज्याचे कार्ड, खरे की खोटे कोण बघणार?' हा युक्तिवाद पूर्वी पटण्याजोगा होता. आता केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ते कुठले, कोणत्या प्रकारचे आणि कधीपर्यंतचे, हे दोन मिनिटांत दिसते. क्रमांकच बोलका असतो: आधी राज्याची अक्षरे, मग कार्यालयाचा आकडा, मग वर्ष, मग सात आकडी अनुक्रमांक. महाराष्ट्राच्या कार्डावर एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. मुदतीच्या दोन तारखा असतात, एक 'एनटी' आणि दुसरी 'टीआर'. एनटी म्हणजे खासगी वाहनाची मुदत, ती लांबची असते. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टची, ती जास्तीत जास्त पाच वर्षांची. घाईत पहिली तारीख पाहून 'अजून दहा वर्षे आहे' असे म्हणणारा मालक फसतो, कारण त्याच्या उपयोगाची तारीख कदाचित गेल्याच महिन्यात संपलेली असते. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवस लायसन्स चालू धरले जाई. 2019 च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. मुदतीच्या आधी आणि नंतर वर्षभरात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण संपलेल्या तारखेनंतर नूतनीकरण होईपर्यंत गाडी चालवणे म्हणजे विनालायसन्स चालवणे. एक वर्ष उलटून गेले तर पुन्हा चाचणी.

ही तारीख दंडापेक्षा विम्यासाठी महत्त्वाची आहे. विनालायसन्स चालवणाऱ्याला 5,000 रुपये दंड, त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण अपघातात माणूस गेला तर नुकसानभरपाईची रक्कम लाखांत जाते आणि विमा कंपनी लायसन्सच पुढे करून हात झटकू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वरन सिंग खटल्यात सांगितले आहे की लायसन्स खोटे किंवा अपुरे निघाले एवढ्यावर कंपनी सुटत नाही. मालकाने निष्काळजीपणा केला हे तिला सिद्ध करावे लागते. 2013 च्या पेप्सू परिवहन महामंडळाच्या खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की मालकाने लायसन्स पाहिले, ड्रायव्हरकडून गाडी चालवून घेऊन परीक्षा केली आणि त्याला तो समाधानकारक वाटला, तर आरटीओत जाऊन खरे-खोटे करण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. याचा व्यवहारी अर्थ असा की कामावर घेतानाच लायसन्सची प्रत आणि संकेतस्थळावरच्या माहितीची छापील प्रत फाइलला लावा, लोड गाडी घाटात चालवून घ्या आणि त्या दिवसाची नोंद वहीत सहीसह ठेवा. उद्या न्यायाधिकरणात ही वही तुमच्या बाजूने बोलेल. तिथे ड्रायव्हर सिन्नरचा होता की सिवानचा, हे कुणी विचारणार नाही.

पिकअप, छोटा हत्ती, 407 वापरणाऱ्या द्राक्ष आणि टोमॅटो उत्पादकांना मात्र थोडा दिलासा आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी खटल्यात निर्णय दिला की मालासह एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्ट नोंद लागत नाही. त्यावरच्या गाडीला आणि धोकादायक मालाला ही सवलत नाही. गाडीचे एकूण वजन आरसी बुकात लिहिलेले असते; अंदाजाने नव्हे, तिथे पाहून ठरवा.

शेवटचा आक्षेप सुरक्षिततेचा: मराठी न येणारा ड्रायव्हर घाटात धोक्याचा. कसारा घाट किंवा चांदवडचा राहुड घाट उतरताना गाडी हाताबाहेर जाते ती तापलेल्या ब्रेकमुळे, न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गिअरमुळे, जादा भरलेल्या मालामुळे आणि सलग चौदा तास न झोपलेल्या डोळ्यांमुळे. यातले एकही कारण भाषेचे नाही, आणि शेवटची दोन तर थेट मालकाच्या हातातली आहेत. तरीही भाषेचा उपयोग आहे. अपघातात दवाखान्याचा रस्ता विचारायला, शेतकऱ्याच्या बांधावर गाडी लावायला, पोलिसाला जबाब द्यायला पन्नास-शंभर मराठी शब्द आले तर ड्रायव्हरचेच भले होते. ते शिकवण्यासाठी परिपत्रक लागत नाही. कार्यालयात एक छापील तक्ता आणि सोबत दोन खेपा मारणारा मराठी क्लिनर पुरतो. मराठीचा मान अशाने वाढतो. लायसन्सच्या खिडकीत ती अडसर म्हणून उभी केली, तर उद्या रायपूरच्या आणि बालासोरच्या खिडकीतही तसेच अडसर उभे राहतील आणि आपला कांदा तिथेच सडेल.

म्हणून नवा माणूस गाडीवर ठेवताना त्याचे गाव जरूर विचारा, घरच्यांना कळवायला ते लागतेच. पण त्याआधी कार्ड हातात घ्या, टीआरची तारीख वाचा, संकेतस्थळावर ताडून बघा आणि लोड गाडीवर शेजारी बसून एक घाट उतरा. ड्रायव्हरची खरी ओळख त्या घाटात पटते.